बशीत पाणी सोडलं त्या दिवशी

आबांना कोण नेणार हा प्रश्न सकाळपासून तीनदा सुटला होता आणि तीनदा पुन्हा अडकला होता.

घरात आता बसायलाही काही उरलं नव्हतं. पलंग, कपाटं, भांड्यांची पिंपं, सगळं टेम्पोतून गेलं होतं. भिंतींवर जिथे जिथे कपाटं होती तिथे जुन्या रंगाचे चौकोन तेवढे उरले होते. मंडळी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून बसली होती, मधोमध सूनबाईंनी आणलेले जेवणाचे डबे होते, आणि बाहेरून आबांच्या पंपाचा ठोका येत होता, धक धक धक. या घरात जन्मलेल्या कोणालाही तो ठोका ऐकू यायचा नाही. पंप बंद पडला की मात्र सगळे दचकून एकमेकांकडे बघायचे.

नदी आणि मागचं उंच रान यांच्यामधल्या या खोलगट पट्ट्याला सगळे बशी म्हणत. नदीच्या बाजूने उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी शेतं आणि घरं. पावसाचं, पाझराचं, सगळं पाणी या बशीत उतरायचं आणि आबांचा पंप ते उचलून बांधापलीकडे नदीत टाकायचा. आबांचं आयुष्य त्या पाणी उपसण्यात गेलं. मोठा पूर आला त्या वर्षी पाणी बांधावरूनच आत आलं, छपरांना लागलं, आणि मग लोकांचा धीर सुटला. एकेक करून सगळ्यांनी आपल्या जमिनी अभयारण्याला दिल्या आणि वर माळावरच्या नव्या वसाहतीत राहायला गेले. राहिले फक्त आबा, कारण शेवटच्या दिवसापर्यंत पंप चालवायला कोणीतरी हवं होतं. तो शेवटचा दिवस आज होता. दुपारी बांध फोडायचा होता, आणि बशी कायमची नदीच्या हवाली करायची होती.

आबांच्या बरोबर अर्थात त्यांची बहीण, पोरांची आत्या, राहिली होती. आबा तिथे आत्या, हे इतकं ठरलेलं होतं की वसाहतीतलं घर देताना वनखात्याच्या माणसानेही वेगळं विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे जागा आहे," थोरला म्हणाला. आबांचा हा मुलगा शहरात फ्रीज दुरुस्त करायचा. कामाची सवय अशी की घरातल्या भांडणातही तो आधी कान देऊन बिघाड कुठे आहे ते ऐकत बसायचा, आणि बोलायला उशीर करायचा. "आबा माझ्याकडे येतील. विषय संपला."

"जागा आहे हो," सूनबाई म्हणाली, "पण दिवसभर त्यांच्याकडे बघणार कोण? तुम्ही दुकानात, माझे शिवणाचे वर्ग दोन वेळचे. त्यांचं पथ्याचं जेवण, औषधं... आत्या आल्या बरोबर तर काही प्रश्नच नाही."

"आत्या माझ्याकडे येणार आहे," थोरल्याची धाकटी बहीण म्हणाली.

"हे कधी ठरलं?"

"ठरल्यासारखंच आहे. माझी खात्यातली रजा संपली, वहिनी. बाळ आठ महिन्यांचं आहे. याच्या बाबांची हॉस्पिटलातली ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी पाणथळीत चिखलात उभी असताना बाळाला कोणाकडे ठेवू?"

"आणि आबांना आम्ही एकटे सांभाळू?"

"तुम्ही आबांना नेतो म्हणालात, आत्याला नाही."

"अगं पण आबा आणि आत्या वेगळे कसे करायचे?"

थोरल्याला एवढ्यात बिघाड सापडला. "असं करू," तो म्हणाला, "सहा महिने आत्या इकडे, सहा महिने तिकडे."

आत्या स्वयंपाकघरात चहाचे ग्लास विसळत होती. दार काढून नेलेलं होतं, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू येतंय हे त्यांनाही माहीत होतं. गंमत म्हणजे तिला आधी हसूच आलं. या वयात एका दिवशी दोन स्थळं सांगून आली, ती मनाशी म्हणाली. तरणीताठी होते तेव्हा एकच आलं होतं. मग हसू ओसरलं आणि हात पाण्यात तसेच राहिले. थोरल्याला अंघोळ घालणारे हे हात, धाकटीच्या वेण्या घालणारे हे हात. पोरं वाईट नव्हती. तिला न्यायला भांडत होती, टाकायला नाही. पण इतक्या भांडणात "आत्या, तुला काय वाटतं?" असं एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. जणू शिवणयंत्र कोणी न्यायचं आणि मिक्सर कोणी, त्याच यादीत ती होती.

तेवढ्यात पोकलेनवाला दाराशी आला. गडी वयस्कर, बूट बाहेर काढून आत डोकावला. "मॅडम, पंप अजून चालू आहे. टाकी उचलायची म्हणून मी गेलो तर पंपघराला आतून कडी."

धाकटी ताडकन उठली. "आबा कुठे आहेत?"

कोणालाच माहीत नव्हतं. आबा जेवायला बसले होते, मग हात धुवायला म्हणून उठले होते, आणि परत आलेच नव्हते.

"मला वाटलंच होतं," सूनबाई म्हणाली.

"आजचा दिवस चालू दे त्यांना," थोरला म्हणाला. "एवढी वर्षं केलं त्यांनी. उद्या फोडा बांध."

"दादा, उद्या नाही चालत!" धाकटीचा आवाज चढला. "उद्या सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत. आज नदी बांधाच्या पायथ्याशी आहे. आज फोडला तर पाणी चालत येईल, माणसासारखं. उद्या फोडला तर धावत येईल, बांधाचा निम्मा भाग उखडेल आणि वसाहतीच्या उताराची माती घेऊन जाईल. आणि पंपघरात डिझेलची टाकी आहे. ती पाण्याखाली गेली तर सगळ्या पाण्यावर तेल. मासे मरतील, पक्षी मरतील, मग कशाला केलं हे सगळं?"

"कशाला केलंस ते तूच सांग. दारोदार फिरून लोकांना उठवलंस ते तूच ना?"

हे थोरल्याने बोलायला नको होतं. धाकटीने खात्यात नोकरी धरली तेव्हा झालेल्या तमाशानंतर दोघं वर्षभर बोलत नव्हते, आणि ती जखम नुकती कुठे सुकली होती. धाकटीचे डोळे भरले. आश्चर्य म्हणजे तिच्या बाजूने बोलली ती सूनबाई, जिचं आणि धाकटीचं कधी पटलं नव्हतं.

"तिने उठवलं नसतं तर पुढच्या पुराने उठवलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. "छपरावर बसून काढलेले दिवस विसरलात? मी नाही विसरले. माझ्या मांडीवर तुमचा मुलगा होता. तिचं बरोबर आहे. आबांना बाहेर काढा."

"मी नाही कडी तोडणार बापाच्या पंपाची."

"मग मी तोडते," सूनबाई म्हणाली.

आत्याने पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर पडली. तिला कोणी थांबवलं नाही. चहाचं पाहायला गेली असेल असंच सगळ्यांना वाटलं.

पंपघर चराच्या टोकाला, बांधाला टेकून होतं. तिथवर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नुसते चौथरे होते. हा न्हाव्याचा, हा सायकलवाल्याचा, हा त्या बाईचा जिने सबंध बशीला लोणची पुरवली. भिंती खात्याने पाडून नेल्या होत्या आणि चौथऱ्यांवर गवत आतापासूनच चढलं होतं. चर पाण्याने काठोकाठ होता. एक खंड्या तारेवरून सूर मारून गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की पाणी दुपारी यायचंय.

तिने दारावर थाप मारली. "आबा, मी आहे."

"तुला पाठवलं होय त्यांनी?"

"कोणी नाही पाठवलं. ते तिथे भांडतायत, माझं डोकं गरगरायला लागलं म्हणून आले. कडी काढ."

कडी निघाली. आत डिझेलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. आबांनी इंजिन असं पुसून चकचकीत केलं होतं की जणू ते लग्नाला निघालंय. ते आपल्या स्टुलावर बसले होते, फडकं अजून हातात. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. आत्या कोपऱ्यातल्या उलट्या डब्यावर बसली. या डब्यावर ती याआधीही बसली होती, त्यांचा जेवणाचा डबा घेऊन, ते जेवेपर्यंत.

"बंद करायचंय मला," आबा म्हणाले. आवाजामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. "मी काही अडून बसलो नाही. धाकटीचं म्हणणं मला कळतं. पण हात जात नाही, चिमे."

तिला चिमी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"पोरांची आई गेली त्या दिवशीसुद्धा हा चालू होता," ते म्हणाले. "पाऊस होता. तिचे डोळे मिटले आणि मी इथे येऊन यात डिझेल घातलं. न घालून सांगतो कोणाला? आणि मग काय झालं सांगू? घरी आलो की मला वाटायचं, ती आत आहे. स्वयंपाकघरात असेल, मागे असेल. या पंपाच्या आवाजात तिची हालचाल ऐकू येत नाही एवढंच. इतकी वर्षं मी तेवढ्यावर काढली. आता हा बंद केला आणि तरीही काही ऐकू आलं नाही, तर?"

आत्याला खोटं सांगता आलं असतं, पण आबांशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही येणार ऐकू," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. त्यांना ते माहीतच होतं. मग त्यांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "थोरल्याकडे तू असशील ना बरोबर? मग मी जाईन."

"नाही."

"धाकटीकडे जातेस? बरं. बाळ लहान आहे तिचं."

"तिकडेही नाही."

"मग?"

"वसाहतीत तुला घर मिळालंय. दोन खोल्यांचं. थोरला ते कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणतोय. ते मला दे."

"तुला? एकटीला?"

"एकटीला."

आबा तिच्याकडे बघत राहिले. "करशील काय तिथे?"

"बसेन. दारात बसेन. त्या घराच्या दारातून पलीकडचा उतार दिसतो. मी बघून आलेय."

पलीकडचा उतार म्हटल्यावर आबांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

नदीच्या पलीकडे, जिथे पात्र सगळ्यात अरुंद होतं, तिथे एके काळी होड्यांचा उतार होता. आत्याचा नवरा होड्या बांधणारा सुतार. उतारालगतच्या एका खोलीत, त्याच्या म्हाताऱ्या बापासह, आत्याने दोन पावसाळे संसार केला. खोली एवढीशी, पण खिडकी नदीवर होती, आणि खोलीला लाकडाच्या भुशाचा आणि डांबराचा वास यायचा. वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तब्येत नाजूक, म्हणून आत्या महिनाभरासाठी भावाकडे आली. धाकटी जन्मली आणि त्याच आठवड्यात नदीला पाणी चढलं, होड्या बंद झाल्या. पलीकडून कोणीतरी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं की सुताराला न्यूमोनिया झालाय, लवकर ये. तीन दिवस आत्या बांधावर उभी होती. पाणी उतरायचं नाव घेत नव्हतं. चौथ्या दिवशी पहिली होडी निघाली तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. म्हातारा सासरा एवढंच म्हणाला, पोरगा खिडकीकडे तोंड करून पडला होता, उलटा वळायला तयार नव्हता.

ती भावाकडे परत आली ती आपलं सामान घेऊन पुन्हा पलीकडे जायचं म्हणून. तोवर वहिनीने अंथरूण धरलं. धाकटी चालायला लागायच्या आत वहिनी गेली. मग दूर वर पूल झाला, उतार बंद पडला, सासरा आपल्या लेकीकडे गेला आणि तिथेच संपला. पलीकडचा काठ तर आधीच अभयारण्यात गेला, माणसांना बंद झाला. आत्याचा तो एक महिना अजून चालूच होता. धाकटी आता पस्तिशीची होती.

"तू कधी बोलली नाहीस, चिमे."

"कोणी विचारलं?" ती म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता. भाजीत मीठ घातलं का विचारावं, तसं ती म्हणाली. "आणि विचारलं असतंस तरी काय सांगणार होते? पोरं लहान होती. मला त्यांचा लळा होता. आहे. पण आबा, मला एकदाही कुलूप लावून घराबाहेर पडायला मिळालेलं नाही. कधी कोणी ना कोणी आत असायचंच. मला एकदा स्वतःच्या घराला कुलूप लावायचंय. आणि दारात बसून पलीकडे बघताना कोणी हाक मारायला नकोय."

"मला वाटायचं तू विसरलीस त्याला."

"मलाही वाटायचं. मग संध्याकाळी बांधावर गेले की कळायचं."

आबा उठले. तिला वाटलं ते काहीतरी म्हणतील, पण त्यांनी हात लांब केला आणि दांडा मागे ओढला.

इंजिन धापा टाकल्यासारखं दोनचारदा उडालं. चाक फिरत राहिलं, हळू झालं, आणि थांबलं. पाइपातून नदीत पडणारी धार तुटली, तिचा आवाज गेला. आणि मग इतकी शांतता झाली की आत्याला आपल्या कानांची भीती वाटली. आबा भिंतीला हात लावून उभे होते. ते ऐकत होते. सगळ्या अंगाने ऐकत होते. तिने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली, कारण माणसाला असं ऐकताना बघू नये.

बराच वेळ काही नाही. चरात एक बेडूक ओरडला. मग बशीच्या त्या टोकाहून, घरातून, सूनबाईंचा आवाज अगदी कानात बोलल्यासारखा स्पष्ट आला, "बाळाच्या बाटलीचं बूच कोणी घेतलं हो?"

आबांना हसू फुटलं. हसता हसता ते पुन्हा स्टुलावर बसले, फडकं डोळ्यांना लावलं, आणि ते हसणं मग हसणं राहिलं नाही. आत्या डब्यावर बसून राहिली. त्यांचं झाल्यावर तिने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि खिळ्याला अडकवलं.

"चल," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत."

बांध फोडला तेव्हा सगळे जण बांधाच्याच उरलेल्या भागावर उभे होते. वसाहतीतले पुष्कळ लोक आले होते, न्हावी, सायकलवाला, लोणचीवाली. पोकलेनने दहा-बारा घास माती काढली, मागे सरकला, आणि मग काहीच झालं नाही. पाणी यायला तयारच नव्हतं. कोणीतरी हसलं. मग त्या खाचेतून एक पातळ धार निघाली, चहा सांडावा तशी. ती मातीवरून वळत वळत खाली उतरली, एका सरीत शिरली, सरीच्या टोकाला थबकली, बाजूच्या सरीत उतरली. पुढे काडीकचरा, मागे फेस. गवताच्या काड्यांवर मुंग्या चढायला लागल्या. कुठून कोणाला कळलं देव जाणे, बगळे येऊन पाण्याच्या पुढे पुढे चालू लागले. न्हाव्याचा चौथरा भिजला, मग सायकलवाल्याचा. कोणी रडलं नाही. सगळे आपापल्या चौथऱ्यावर नजर ठेवून, पाणी तिथवर पोचायची वाट बघत उभे होते, आणि पोचलं की हळूच श्वास सोडत होते.

तिथेच, पाण्याकडे बघत, आत्याने पोरांना आपलं ठरलेलं सांगितलं.

थोरल्याला वाटलं त्यानेच काहीतरी चुकीचं केलं. "आत्या, सहा-सहा महिने म्हणालो ते राहू दे. तू म्हणशील तसं करू."

"मी म्हणतेय तसंच करायचंय."

आपल्या वर्गांचं, जेवणाचं, औषधांचं गणित सूनबाईंनी मनात मांडलं असणार, पण शेवटी ती एवढंच म्हणाली, "पडदे मी शिवून देते. मापं देऊन ठेवा."

धाकटीचा चेहरा मात्र पडला. "आणि बाळ?" तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर ती कानापर्यंत लाल झाली. मग ती आत्याच्या खांद्याला डोकं लावून लहानपणी रडायची तशी रडली, आणि बाळ तिच्या कडेवरून आत्याचे केस ओढत राहिलं.

"बाळाला घेऊन ये की कधी कधी," आत्या म्हणाली. "पण आधी विचारून. मी घरी असेन नसेन."

आबा शहरात गेले. थोरल्याने दुकानाशेजारी त्यांना खुर्ची टाकून दिली आणि फ्रीजची इंजिनं बघता बघता त्यांचा वेळ जायला लागला. आत्या वसाहतीत राहिली. पहिल्या दिवशी तिने घराला कुलूप लावलं, चौकापर्यंत गेली, काही काम नव्हतं म्हणून परत आली आणि कुलूप उघडलं. संध्याकाळी दारात बसायची. नदीचं पात्र आता अलीकडे सरकून वसाहतीच्या उतारापर्यंत आलं होतं. पूर्वी मध्ये बांध होता, बशी होती. आता पाणी आणि लव्हाळे, आणि त्यापलीकडे तो काठ. इतका जवळ की तिला नीट झोप लागेना.

पावसाळा सरला तेव्हा तिने धाकटीला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या पोरीकडे काही मागितलं.

"मला पलीकडे नेशील?"

धाकटी म्हणाली, परवानगी काढावी लागेल. म्हणाली, मी काढते.

त्या दिवशी आबाही आले होते. त्यांना होडीत बसायचं नव्हतं. "मी इथेच थांबतो," ते म्हणाले आणि उरलेल्या बांधाच्या तुकड्यावर जाऊन उभे राहिले. धाकटीने आत्याला फुगीर नारिंगी जाकीट घातलं. आत्या म्हणाली, "यात मी बुडणार नाही खरी, पण लाजेने मरेन." होडी बुडलेल्या शेतांवरून निघाली. पाण्याखाली वाटा दिसत होत्या. पाणकोंबड्या बाजूला सरत होत्या. मुख्य पात्रात शिरल्यावर खात्याच्या नावाड्याने मोटर वाढवली, आणि जे अंतर आत्याला पस्तीस वर्षांत कापता आलं नव्हतं ते चहा उकळायच्या आत संपलं.

पलीकडे काहीच नव्हतं. वाळुंजाची झाडं दाट वाढली होती, मुळं पाण्यात. खोली नाही, चौथरा नाही, एक वीट नाही. धाकटी कागदावरच्या नकाशात बघून सांगू लागली, पण आत्या पुढे गेली होती. नदीच्या वळणावरून, पाण्याच्या त्या एका भोवऱ्यावरून तिने जागा ओळखली. इथे दार. इथे चूल. इथे त्याचं अंथरूण, आणि हे तोंड नदीकडे, म्हणजे इथे खिडकी. ती ओल्या गवतात बसली. आपण रडू असं तिला वाटलं होतं, तयारीही होती, पण रडू आलं नाही. मग तिने मान वर केली आणि खिडकीतून बघावं तसं आपल्या काठाकडे बघितलं.

बांधाच्या तुकड्यावर एक माणूस उभा होता. बोटाएवढा. डावा हात पाठीवर, मान थोडी पुढे. चेहरा दिसत नव्हता, कपड्यांचा रंगही नीट नाही. तरी ते आबा होते. त्यात शंकाच नव्हती. आपलं माणूस असं उभं राहतं, एवढंच इथून दिसत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आत्या? काय झालं?" धाकटी धावत आली. धाकटीने आत्याच्या नजरेच्या दिशेने बघितलं, पाणी, लव्हाळे, पलीकडे आबा, आणि तिला काही कळलं नाही. ती शेजारी बसली आणि आत्याचा हात धरून राहिली. नावाड्याने आठवण करीपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.

होडी परत लागली तेव्हा आबा पाण्यापर्यंत उतरून आले होते. त्यांनी हात देऊन तिला वर घेतलं. चिखलात दोघंही जरा डगमगले.

"काय होतं तिकडे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. झाडं आहेत."

आबांनी मान हलवली. बरोबरीने ते चढ चढू लागले. अर्ध्यावर आत्या थांबली, दम खायला.

"आबा, इथलं माणूस तिथून ओळखू येतं," ती म्हणाली.

त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. ते तिच्याकडे बघत होते, मग वळून पाण्याकडे बघितलं, मग त्या बांधाच्या तुकड्याकडे. त्या तीन दिवसांत तिच्या मागे छत्री धरून उभे राहिलेले तेच होते.

"मग त्याने बघितलं असेल तुला," ते म्हणाले.

"हो."

"तिन्ही दिवस."

"हो," आत्या म्हणाली. जाकिटाचा पट्टा तिला सोडता येत नव्हता, आबांनी वाकून तो सोडवून दिला. तिने जाकीट काखेत घेतलं, कमरेची किल्ली चाचपली. "चल. माझ्याकडे चहा घे आणि मग संध्याकाळच्या गाडीने जा."